बोलविता धनी कोण?

आमच्या वाचनालयात दर महिन्याला एक चर्चा होते. गेल्या वेळचा विषय होता एआय अवतार, म्हणजे संगणकाने घडवलेली बोलती माणसं, वापरून केलेले व्हिडिओ पॉडकास्ट, आणि निमित्त होते आमच्याच गावातले एक निवृत्त शिक्षक. सर वर्गात तीस वर्षं खणखणीत बोलले, पण कॅमेरा सुरू झाला की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून त्यांनी अवतार बनवणाऱ्या एका साधनाकडून एक आजोबा आणि एक नात तयार करून घेतली. गावच्या बारवेचा इतिहास, जुन्या पेठेतल्या पेढ्या, एकेकाळी भरणारा बैलबाजार, असे दहा-दहा मिनिटांचे भाग. नात विचारते, आजोबा सांगतात. मजकूर सगळा सरांचा, आयुष्यभर जमवलेल्या कागदांवरून लिहिलेला.

चर्चा दोन तास चालली आणि मी इतकी अस्वस्थ होऊन घरी आले की हे लिहायला बसले. एक बाजू म्हणत होती, हे खोटं आहे, माणूसच नाही तर पॉडकास्ट कसला? दुसरी म्हणत होती, हे लेखणीसारखं एक साधन आहे, काळाबरोबर चला. पण दोन्ही बाजू बोलत होत्या त्या आजोबांच्या चेहऱ्याबद्दल. पापण्या नीट लवतात का, ओठ शब्दांशी जुळतात का, पुढच्या वर्षी तरी फरक ओळखू येईल का. बारवेबद्दल जे सांगितलं ते खरं आहे का, ते कुणी तपासलं, चुकलं तर कुणाला गाठायचं, हे एकानेही विचारलं नाही. सर मागच्या बाकावर बसून होते. चहा यायच्या आधीच ते उठून गेले.

माझं मत आधीच सांगते. अवताराचा चेहरा कृत्रिम असण्यात मला काही गैर दिसत नाही. गैर आहे ते जे घडलंच नाही ते घडलं म्हणून दाखवण्यात: जो माणूस जन्मालाच आला नाही त्याचा अनुभव, जे संभाषण झालंच नाही त्याची चित्रफीत. आणि त्याहून गैर आहे ते बोललेल्या शब्दाचं उत्तर द्यायला कुणीच नसण्यात. आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे, बोलविता धनी. पैठणच्या कथेत रेड्याच्या तोंडून वेद आले, तेव्हा लोकांनी नमस्कार केला तो त्याच्या मस्तकावर हात ठेवणाऱ्या ज्ञानेश्वरांना. हात कुणाचा, हे तिथे सगळ्यांना दिसत होतं. आजच्या वादात तो हात शोधायचं सोडून आपण रेड्याचा उच्चार तपासत बसलो आहोत.

पॉडकास्टला चेहरा मुळात आला कुठून? हे तर कानाचं माध्यम. मुंबई आकाशवाणीवरच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी घराघरांत नातेवाइकांसारखे झाले ते निव्वळ आवाजावर. पॉडकास्टही तसाच सुरू झाला, प्रवासात, स्वयंपाक करताना कानात घालून ऐकायचा. मग तो यूट्यूबवर आला आणि तिथे नुसता आवाज चालेना. लोकांना बोलणारा दिसायला हवा झाला. दोन खुर्च्या, दोन मोठे माइक, मागे मंद दिवा. हे सगळं उभं करायला पैसे लागतात, जागा लागते आणि कॅमेऱ्याला न बुजणारा माणूस लागतो. अवतार-साधनांनी हे तिन्ही अडसर एका झटक्यात काढले. तयार चेहऱ्यांमधून एक निवडा, किंवा स्वतःची दोन-चार मिनिटांची चित्रफीत देऊन आपलाच जुळा करून घ्या. मजकूर टाइप करा. आवाज तयार होतो, ओठ त्याच्याशी जुळवले जातात, मान हलते, भुवया उंचावतात. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये गूगलच्या नोटबुक एलएमने तर मजकूर लिहिण्याचंही काम उरू दिलं नाही. कागदपत्रं आत टाका, दोन आवाज त्यावर गप्पा मारू लागतात, मध्येच अडखळतात, एकमेकांना दाद देतात.

पण चेहरा पाहिल्यावरच विश्वास का बसतो, याचा विचार केला पाहिजे. आपण म्हणतो, 'तोंडावर सांग'. आपण म्हणतो, 'समोरासमोर होऊन जाऊ दे'. आणि ज्याची लबाडी उघडी पडली त्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही. बोलणारा आपला चेहरा तारण ठेवत असतो. शब्द खोटा ठरला तर बाजारात, लग्नकार्यात, एसटी स्टँडवर त्याला तो चेहरा घेऊनच फिरायचं असतं. अवतार या जुन्या विश्वासावर उचल घेतो आणि तारण मात्र काहीच ठेवत नाही. एक वाहिनी बदनाम झाली की दुसऱ्या दिवशी नवा चेहरा, नवं नाव. म्हणून 'हे फक्त साधन आहे' हे उत्तर मला अपुरं वाटतं. लेखणीला चेहरा नसतो आणि ती कुणाचा विश्वास उसना घेत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी मावशी कराडजवळच्या एका गावात एकटी राहते. तिला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या पावसाळ्यात तिने मोबाइलवर एक व्हिडिओ पॉडकास्ट पाहायला सुरुवात केली. पांढऱ्या कोटातले दोन डॉक्टर समोरासमोर बसून स्वच्छ मराठीत बोलत. एक शंका विचारी, दुसरा धीर देई. गोळ्यांची सवय लागते, हळूहळू कमी करा, असं त्यांनी सांगितलं आणि मावशीने कुणाला न विचारता गोळ्या निम्म्यावर आणल्या. तीन आठवड्यांनी ती अंगणात चक्कर येऊन पडली. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सावरलं, पण ती रात्र मी विसरणार नाही. नंतर मी त्या दोन डॉक्टरांचा शोध घेतला. खऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर नाव असतं, नोंदणी क्रमांक असतो. इथे काहीच नव्हतं. पत्ता नाही, ईमेल नाही, प्रतिक्रिया बंद, आणि खाली कुठल्याशा चूर्णाची लिंक. ते दोघे अवतार आहेत हे एका कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. म्हणजे नियमाप्रमाणे त्यांनी काही लपवलंही नव्हतं! मला त्यांच्याशी भांडायचं होतं, आणि भांडायला समोर कुणीच नव्हतं.

मग बंदीच का घालू नये? मावशीच्या उशाशी बसून मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. पण बंदी मागणाऱ्यांनी व्हेनेझुएलाकडे पाहावं. जुलै २०२४ मध्ये तिथल्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल वादग्रस्त ठरला, लोक रस्त्यावर उतरले आणि पत्रकारांची धरपकड सुरू झाली. बातमी वाचणारा चेहरा ओळखला जाणं म्हणजे तुरुंगाचं निमंत्रण होतं. तेव्हा ऑगस्टमध्ये स्वतंत्र माध्यमसंस्थांनी एकत्र येऊन दोन अवतार उभे केले. एकाचं नाव 'एल पाना', तिकडच्या बोलीत दोस्त. दुसरीचं 'ला चामा', म्हणजे पोरगी. दोघांनी पहिल्याच भागात सांगून टाकलं की आम्ही खरे नाही, पण आम्ही देतो ती बातमी खरी आहे, खऱ्या पत्रकारांनी मिळवलेली आहे. चेहरा खोटा, बातमी खरी, आणि मागे उभ्या असलेल्या संस्थांचा समन्वय करणाऱ्या 'कनेक्टास' या पत्रकारिता-संस्थेचं नाव जगासमोर. या उपक्रमाला फसवणूक म्हणायची कुणाची हिंमत होईल?

आणि त्याच देशात, जेमतेम दीड वर्ष आधी, २०२३ च्या सुरुवातीला उलटा प्रकार घडला होता. सफाईदार इंग्रजी बोलणारे दोन निवेदक एका कथित परदेशी वृत्तवाहिनीच्या नावाने व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्था कशी छान चालली आहे हे सांगत होते. त्यांचे व्हिडिओ सरकारी दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. निवेदक अवतार होते, ती वाहिनी असल्याचं भासवलं गेलं होतं. देश तोच, तंत्रही तेच. एका ठिकाणी मुखवट्याआड जीव वाचवणारी माणसं होती, दुसऱ्या ठिकाणी मुखवट्याआड सत्ता होती आणि ती स्वतःला परकी, तटस्थ म्हणून मिरवत होती. चेहऱ्याच्या खरेखोटेपणावर वाद घालणाऱ्यांना या दोन गोष्टींमधला फरक सांगताच येणार नाही, कारण चेहरे दोन्हीकडे तितकेच खोटे होते.

तिसरं उदाहरण पोलंडचं आहे आणि माझ्या मते ते सगळ्यांत बोलकं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये क्राकूवमधल्या 'ऑफ रेडिओ क्राकूव' या सार्वजनिक केंद्राने माणसांनी सादर केलेले कार्यक्रम बंद करून तीन एआय निवेदक आणले. त्यांना नावं दिली, वयं दिली, स्वभाव दिले. हे एआय आहेत, हे केंद्राने लपवलं नव्हतं. त्यांतल्या एकीने चक्क विस्वावा शिंबोर्स्का यांची 'मुलाखत' घेतली. नोबेल मिळवणाऱ्या या कवयित्रीला जाऊन बारा वर्षं झाली होती. आणखी एका निवेदकाला समलिंगी आणि लिंगभावाच्या चौकटीबाहेरच्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून घडवलं होतं. हजारो लोकांनी निषेधाच्या निवेदनावर सह्या केल्या आणि आठवड्याभरात प्रयोग गुंडाळावा लागला. नोकऱ्या गेल्याचा राग त्यात होताच, आणि तो रास्तही होता. पण मला त्या कल्पित प्रतिनिधीचा मुद्दा जास्त टोचतो. ज्या समाजाला स्वतःच्या तोंडाने दोन शब्द बोलायला पिढ्यान्‌पिढ्या झगडावं लागलं, त्याच्या वतीने असा कुणीतरी बोलायला बसवला ज्याने त्यातला एकही दिवस जगलेला नाही.

हे आपल्याकडे आणून पाहा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, चौकशी समिती नेमावी लागली. तो पुढे आला कारण खऱ्या बायका बोलल्या. समजा उद्या अशी एखादी बाई बोलायला तयार आहे, पण मुकादमाची भीती आहे. तिचा आवाज बदलून, तिच्या जागी अवताराचा चेहरा देऊन तिची हकिगत पॉडकास्टमधून ऐकवली, तर मी त्या तंत्रज्ञानाचे आभार मानीन. २०२० च्या 'वेलकम टू चेचन्या' या माहितीपटात छळातून पळालेल्या खऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवर स्वयंसेवकांचे चेहरे बसवून असंच केलं होतं. आणि समजा दुसऱ्या कुणीतरी शहरात बसून, दहा बातम्या वाचून, सुती लुगड्यातली एक अवतार-बाई तयार केली आणि तिच्या तोंडी 'मी कोयता घेऊन निघाले तेव्हा' असं घातलं. पडद्यावर दोन्ही बायका सारख्याच दिसतील. कदाचित दुसरी जास्त रडवेल, कारण तिचं दुःख बेतून शिवलेलं असेल. पण पहिलीच्या मागे एक बाई आहे आणि दुसरीच्या मागे कुणीच नाही. ज्या भाषेत दलित, भटक्या, विस्थापित माणसांनी 'मी' म्हणायचा हक्क आत्मकथनांतून मिळवला, त्या भाषेत तरी हा फरक समजावून सांगावा लागू नये.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. बोलविता धनी पुढे यावा असा आग्रह धरला, तर जे दुबळे आहेत, ज्यांना नाव लपवूनच बोलावं लागतं, त्यांचं काय? बायकांना चेहरा दाखवला की कसल्या घाणेरड्या प्रतिक्रिया झेलाव्या लागतात हे मला वेगळं सांगायला नको. याचं उत्तर आपल्याच वाङ्मयात आहे. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झालं. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातली घुसमट त्यात इतक्या उघडपणे आली होती की महाराष्ट्रात वादळ उठलं. लेखिकेचं नाव होतं विभावरी शिरूरकर, आणि ही विभावरी कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर, हे उघड व्हायला वेळ लागला. ते नाव मुखवटाच होतं आणि तो घातला नसता तर ते पुस्तक आलंच नसतं. पण मुखवट्यामागे एक जिवंत बाई होती, जिने त्या मुली पाहिल्या होत्या. आणि पुस्तक निनावी हवेतून पडलं नव्हतं. त्याला प्रकाशक होता, ज्याच्या दारात संतापलेला माणूस जाऊ शकत होता. मी मागते आहे ते एवढंच. प्रत्येकाने चेहरा दाखवावा असं माझं म्हणणं नाही. कुणाचं तरी दार ठोठावता यावं, असं आहे.

दार ठोठावण्याची सोय आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनी आहे. कुठल्याही मराठी वर्तमानपत्राच्या तळाशी एक ओळ असते, जी आपण कधी वाचत नाही: हे पत्र अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून या पत्त्यावर प्रसिद्ध केले. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव छापणं सक्तीचं केलं. संपादकाचं नाव पुढे आलं. इंग्रजांचा हेतू नजर ठेवण्याचा होता, यात शंका नाही. पण त्या ओळीने वाचकालाही काहीतरी दिलं. 'केसरी'तल्या अग्रलेखांखाली सही नसे. तरी १९०८ मध्ये त्या लेखांवरून राजद्रोहाचा खटला उभा राहिला, तेव्हा लेख कुणाचा, मजकूर कुणी घातला, असा आडोसा टिळकांनी घेतला नाही. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. बिनसहीच्या शब्दाला वजन आलं ते त्यामागे शिक्षा भोगायला तयार असलेला माणूस होता म्हणून. माझ्या मावशीला सल्ला देणाऱ्या त्या दोन पांढऱ्या कोटांसाठी मंडालेला कोण जाणार?

अवताराचे समर्थक यावर म्हणतात की खऱ्या माणसांचे पॉडकास्ट तरी कुठे खरे असतात? प्रश्न आधी ठरलेले, उत्तरं पाठ केलेली, नको ते कापलेलं, पाहुण्याने पैसे देऊन जागा मिळवलेली. मान्य. यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलं आहे. चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा ही गोष्ट तर आपल्या सिनेमाने केव्हाच पचवली. पण पचवताना काय झालं होतं ते आठवावं. १९४९ च्या 'महल'मधलं मधुबालावर चित्रित झालेलं गाणं गाजलं, तेव्हा तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. ऐकणाऱ्यांना ते पुरेना. रेडिओकडे पत्रांवर पत्रं गेली, हा आवाज कुणाचा? शेवटी लता मंगेशकर हे नाव रेडिओवरून सांगावं लागलं. पार्श्वगायन ही फसवणूक आहे असं त्या श्रोत्यांचं म्हणणं नव्हतं. मधुबाला गात नाही हे कळल्यावर त्यांचा आनंद कमी झाला नाही. त्यांना फक्त आवाजाचा धनी कोण ते कळायला हवं होतं. आज आपणच इतके कसे ढिले पडलो की तो प्रश्न विचारायचंही विसरलो?

रचलेल्या संवादाचा मुद्दा याहून अवघड आहे आणि त्याने मला बरेच दिवस अडवून धरलं. न झालेलं संभाषण दाखवणं गैर, असं मी वर म्हटलं. मग जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी'? १८७३ चं हे पुस्तक आहेच मुळी धोंडिबा आणि जोतीराव यांच्यातला संवाद. धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात. आमच्या सरांची नात आणि आजोबा याच वाटेने चालले आहेत. कल्पित संवाद खोटा म्हणायचा, तर मराठीतल्या एका सर्वांत प्रामाणिक पुस्तकाला खोटं म्हणावं लागेल. नाही, मला माझं विधानच नीट करायला हवं. 'गुलामगिरी' वाचताना ही दोन माणसांची टिपून घेतलेली बातचीत आहे असा भास कुणी निर्माण करत नाही. धोंडिबाचे प्रश्न हे वाचकाच्या मनातले प्रश्न आहेत. आणि उत्तरं देणारा कुणी कल्पित पंडित नाही. फुल्यांनी तिथे स्वतःचं नाव घातलं. शिव्या आल्या त्या जोतीरावांना आल्या, धोंडिबाला नाही.

पॉडकास्ट ज्याला आपण म्हणतो त्याचं वचनच वेगळं आहे. तिथे दोन माणसं बसली होती आणि पुढे काय होईल हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, असं ते सांगतं. पाहुणा गप्प बसू शकतो. 'नाही, तुम्ही चुकीचं विचारताय' म्हणू शकतो. मुलाखतकाराने ज्यासाठी बोलावलं ते सोडून भलतंच, जास्त मोलाचं काही सांगून जाऊ शकतो. ज्यांनी सुधीर गाडगीळांच्या मुलाखती समोर बसून ऐकल्या आहेत त्यांना ही गंमत ठाऊक आहे; उत्तराआधीच्या त्या दोन क्षणांच्या शांततेत सभागृह पुढे झुकतं. एकाच मजकुरातून दोन अवतार बोलवले की ही शक्यताच संपते. उरतं ते एका माणसाचं, किंवा एका यंत्राचं, स्वगत. दोन तोंडांत वाटून दिलेलं. त्यात 'अं', 'अरे वा', 'मला हे माहीतच नव्हतं' असं पेरणं म्हणजे जे विचार करणं झालंच नाही त्याचा पुरावा तयार करणं आहे. माझा खरा आक्षेप या खोट्या आश्चर्याला आहे. दोन डॉक्टरांपैकी एक शंका विचारत होता म्हणूनच मावशीला वाटलं की सल्ल्याची तपासणी तिथल्या तिथे झाली. एकच माणूस सांगत असता तर तिने कदाचित आपल्या डॉक्टरांना विचारलं असतं.

मेलेल्यांना बोलवण्याबद्दलही एवढंच. ब्रिटिश मुलाखतकार मायकेल पार्किन्सन २०२३ मध्ये गेले. २०२५ मध्ये त्यांच्या आवाजातला एआय यजमान खऱ्या पाहुण्यांना प्रश्न विचारणारा पॉडकास्ट आला, कुटुंबाच्या पाठिंब्याने. मला तो आवडत नाही, पण तिथे पाहुणे खरे होते, परवानगी होती, आणि बनवणारे उघड होते. क्राकूवच्या मुलाखतीत उत्तरंच कवयित्रीच्या नावावर घातली गेली. प्रश्न उसने घेणं आणि उत्तर उसनं घेणं यांत फार अंतर आहे. जिवंत कलावंतांच्या बाबतीत तर आपल्या न्यायालयांनी वाट दाखवली आहे. आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना संरक्षण दिलं. पण न्यायालयात जाण्याची ऐपत नसलेल्या डबिंग कलावंताचा, जिल्ह्याच्या केंद्रावर वर्षानुवर्षं निवेदन केलेल्या बाईचा आवाज कुणी उचलला, तर तिने काय करायचं?

'लेबल लावलं की झालं' हे उत्तर आता सरकारपासून कंपन्यांपर्यंत सगळ्यांना पुरेसं वाटू लागलं आहे. यूट्यूबने मार्च २०२४ पासून खऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम मजकूर जाहीर करायला सांगितला. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२५ च्या नियमांच्या मसुद्यात लेबलाने पडद्याचा किमान १० टक्के भाग व्यापावा असं सुचवलं होतं. लेबल हवंच, पण ते फक्त चेहऱ्याबद्दल बोलतं. 'हा डॉक्टर कृत्रिम आहे' हे कळून मावशीला काय कळलं असतं? हा सल्ला कुणाचा, हे तिला कळायला हवं होतं. रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावाला कधी लेबल लागलं नाही; तो बाहुला आहे हे लहान मूलही जाणतं आणि त्याच्या शेजारीच पाध्ये बसलेले असतात. दूरदर्शन किसानने २६ मे २०२४ ला कृष आणि भूमी हे दोन एआय निवेदक आणले, पन्नास भाषांत बोलू शकणारे. त्यांनी बाजारभाव चुकीचा सांगितला तर शेतकऱ्याला ठाऊक आहे की तक्रार दूरदर्शनकडे करायची. म्हणून मला त्यांची भीती वाटत नाही. वर्तमानपत्राच्या तळाशी असते तशी एक ओळ प्रत्येक अवतार-पॉडकास्टला असली पाहिजे: मजकूर कुणाचा, तपासला कुणी, आवाज कुणाच्या परवानगीने, चूक कळवायची कुठे. नाव लपवायचं असेल तर लपवा, पण मग तुमच्या वतीने उत्तर देणारी संस्था हवी. ज्यांना हेही नको आहे, त्यांना नेमकं काय लपवायचं आहे, हा प्रश्न विचारायचा हक्क मला आहे.

नव्याला घाबरू नका, हे मला सुनवण्याची गरज नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी छापखाना काढला तेव्हा शाईत चरबी असते म्हणून छापील पोथीला शिवायला सनातनी लोक तयार नव्हते; गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली आणि पोथ्या छापल्या. त्यांनी आक्षेपातला खरा भाग वेगळा काढला आणि त्याला उत्तर दिलं. आज अवतारांचे उत्साही समर्थक तेवढेही कष्ट घेत नाहीत. साधं भाषेचं घ्या. तयार मराठी आवाज अनेकदा 'चाक'मधला आणि 'चार'मधला च सारखाच उच्चारतात, 'ळ'वर घसरतात, आणि मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी यांचा तर तिथे पत्ताच नसतो. आमच्या सरांचे आजोबा बारवेबद्दल बोलताना कुठल्याही गावचे वाटत नाहीत. सरांची स्वतःची बोली किती रसाळ आहे!

म्हणून चर्चेनंतर चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. पॉडकास्ट बंद करायचं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, सर, बंद करू नका, आजोबा राहू देत, नातही राहू दे. फक्त नातीच्या तोंडचं 'अय्या, खरंच?' काढा, आणि शेवटी तुमचं नाव आणि फोन नंबर द्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'नंबर दिला तर लोक चुका काढतील.' मी म्हटलं, हो.

पुढच्या भागाच्या शेवटी काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत त्यांचं नाव आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. बैलबाजार सर म्हणतात त्या वर्षी बंद पडला नाही. त्यानंतर दोन वर्षांनी वडिलांनी तिथून घेतलेल्या खोंडाची पावती त्यांच्याकडे होती. सर त्याच दुपारी एसटीने जाऊन ती पावती पाहून आले. दुरुस्ती त्यांनी आजोबांकडून करून घेतली नाही. पुढच्या भागाच्या सुरुवातीला पडदा दहा-बारा सेकंद कोरा आहे, आणि त्यावर सरांचा स्वतःचा आवाज आहे, दोनदा अडखळलेला.